भरतीबरोबर परत येणाऱ्या पाण्याचा हिशेब कोण ठेवणार?

महोदय,

लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीतल्या सांडपाण्यामुळे दाभोळच्या खाडीत मासे मेले की आपल्या पत्रव्यवहारात एक प्रश्न हमखास येतो. प्रक्रिया केंद्राचे आकडे कागदावर नियमात बसतात, मग मासे मरतात कसे? महाडच्या सावित्री नदीबद्दलही लोक हेच विचारतात. त्याचं सगळं उत्तर मी देऊ शकणार नाही, पण एक भाग नक्की देऊ शकते, कारण माझी सगळी नोकरी या आकड्यांतच गेली.

मी बडोद्याची. दांडिया बाजारातलं आमचं घर पणजोबांच्या वेळचं. सयाजीरावांच्या राज्यात ते कारकून म्हणून आले आणि इथलेच झाले. मी महाराजा सयाजीराव विद्यापीठातून रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि निवृत्त होईपर्यंत शहराजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत सांडपाणी तपासलं. बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जंतूंना लागणारा प्राणवायू), सीओडी (तीच घाण रसायनानं जाळायला लागणारा प्राणवायू), पीएच, अमोनिया हे शब्द आमच्या घरी भाजीच्या भावासारखे बोलले जायचे. निवृत्तीनंतर ते सुटतील असं वाटलं होतं, पण सुटले नाहीत. याचं कारण मही नदी.

बडोदेकरांना महीची ओळख दोन ठिकाणी होते. एक म्हणजे नळ. फाजलपूर, रायका, दोडका, पोइचा इथल्या नदीपात्रातल्या फ्रेंच विहिरींतून (वाळूतून झिरपलेलं पाणी आडव्या नळ्यांनी गोळा करणाऱ्या विहिरी) शहराचं बरंचसं पिण्याचं पाणी येतं. दुसरं म्हणजे जंबुसर तालुक्यातलं कावी-कंबोई. तिथलं स्तंभेश्वराचं देऊळ दिवसातून दोनदा भरतीत बुडतं आणि ओहोटीला पुन्हा उघडं होतं. आमच्या लहानपणी एसटीनं जायचो, आता लोक रविवारी गाड्या घेऊन जातात आणि पिंडीवर पाणी चढताना मोबाइल काढून उभे राहतात. जगातल्या मोठ्या भरती-ओहोट्यांत खंभातच्या आखाताची गणना होते. समोर भावनगरला उधाणाच्या दिवशी पाणी दहा मीटरच्या वर चढतं-उतरतं. दांडीयात्रेत गांधीजींनी मही ओलांडली ती 19 मार्च 1930 ला, तीही रात्री, कारण भरतीचं पाणी आत येईपर्यंत होडी चालत नव्हती. कंकापुऱ्याच्या बाजूला चिखल, पलीकडे कारेलीच्या बाजूला चिखल आणि मध्ये पाणी. ही नदी शेवटच्या टप्प्यात एकाच दिशेनं वाहत नाही, हे त्या यात्रेतल्या प्रत्येकाच्या पायांना कळलं असणार.

बडोद्याच्या उत्तरेकडच्या कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी 1983 पासून एका कालव्यात सोडलं जातं. तो पादरा आणि जंबुसर तालुक्यांतून सुमारे 55 किलोमीटर जातो आणि सरोद गावाजवळ महीच्या मुखात रिकामा होतो. ज्या नदीचं पाणी शहर पितं त्याच नदीत शहराजवळ सांडपाणी पडू नये, ते लांब खाडीवर न्यावं, हा त्यामागचा विचार. त्या काळाच्या मानानं तो योग्यच होता आणि आजही मी त्याला नावं ठेवणार नाही. माझा प्रश्न कालव्याच्या शेवटच्या टोकापासून पुढे सुरू होतो.

पर्यावरण संरक्षण नियम, 1986 मध्ये सांडपाण्याची सर्वसाधारण मानकं दिली आहेत. नदी-तलावात सोडायच्या पाण्याला बीओडीची मर्यादा लिटरमागे 30 मिलिग्रॅम आहे. किनाऱ्यावरच्या समुद्रात सोडायचं असेल तर तीच मर्यादा 100 होते, म्हणजे तिपटीहून जास्त. सीओडी दोन्हीकडे 250. समुद्राला ही जास्तीची सूट का, हे कोणत्याही केमिस्टला कळतं. समुद्र मोठा आहे, पाणी मिसळतं, पातळ होतं, प्राणवायू भरपूर असतो. खुल्या समुद्रापुरतं हे ठीक आहे.

पण महीचं मुख म्हणजे खुला समुद्र नव्हे. वर कडाणा धरण आहे, वणाकबोरीचा बंधारा आहे. सिंधरोटला खारं पाणी वर चढू नये म्हणून आडबंधारा घातला आहे. पावसाळा संपला की वरून येणारं गोडं पाणी आटत जातं आणि मार्च-एप्रिलपर्यंत खाली उरतो तो भरतीबरोबर वर येणारा आणि ओहोटीबरोबर खाली जाणारा तोच तो गढूळ साठा. दुपारच्या ओहोटीला जे सोडलं त्यातलं बरंच संध्याकाळच्या भरतीला परत येतं. परातीतलं पाणी या काठाकडून त्या काठाकडे हेलकावे खातं, पण परातीबाहेर पडत नाही, तसं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाण्याचा जोरच कमी असतो. तेव्हा हे आणखी वाईट. ज्या सूटीचा आधार 'समुद्र वाहून नेईल' हा आहे, ती सूट जिथे समुद्र वाहून नेत नाही अशा जागी कशी द्यायची?

गंमत नव्हे, पण आश्चर्य वाटावं अशी गोष्ट म्हणजे हा फरक आपल्याच सरकारला दुसऱ्या एका कायद्यात नीट कळलेला आहे. किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे किनाऱ्यावर बांधकामाला निर्बंध असलेल्या पट्ट्याची, हद्द नदीत कुठवर जाते, हे ठरवायला 2011 च्या अधिसूचनेनं एक कसोटी दिली. वर्षातल्या सर्वांत कोरड्या दिवसांत पाण्यातली क्षारता हजारात 5 भाग जिथपर्यंत सापडते, तिथपर्यंत भरतीचा प्रभाव मानायचा. किती शहाणपणाची कसोटी आहे! पावसाळ्यात मोजलंत तर समुद्र दूर गेलेला दिसेल, म्हणून मे महिन्यात मोजा. (याच किनारा नियमनानं 2019 मध्ये खाडीकाठची संरक्षित पट्टी 100 मीटरवरून 50 वर आणली, त्याचं दुःख वेगळं.) बांधकामाची हद्द ठरवताना सरकार सर्वांत वाईट दिवस विचारात घेतं. मग सांडपाणी तपासताना सर्वांत वाईट दिवस, सर्वांत वाईट प्रहर का विचारात घेत नाही?

नमुना कधी घेतला यावर सगळं अवलंबून असतं, हे बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही, म्हणून जरा तपशिलात सांगते. दोरीला बांधलेली बादली पाण्यात सोडायची, आधी त्याच पाण्यानं दोनदा खळबळून घ्यायची. मग काचेची अरुंद तोंडाची बाटली तिरकी धरून काठोकाठ भरायची, आत एकही बुडबुडा राहता कामा नये. जागेवरच त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइडचे एक-दोन मिलिलिटर घालायचे, बूच लावून बाटली उलटसुलट करायची आणि थांबायचं. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका, म्हणजे गाळ, खाली बसतो. जितका गडद तितका प्राणवायू जास्त. अजिबात नसेल तर साका पांढराशुभ्र बसतो. पुढे आम्ल घालून, थायोसल्फेटनं टायट्रेशन करून (ते थेंबाथेंबानं घालत, किती लागलं ते मोजून) आकडा काढायचा असतो, पण पांढरा साका पाहिला की आकड्याची गरज उरत नाही. वसाहतीच्या पाठीमागच्या एका नाल्यावर मी तो पाहिला आहे. बाटलीच्या तळाशी पिठासारखा बसलेला. आमच्याबरोबर आलेल्या शिकाऊ मुलीनं विचारलं, 'मॅडम, रिएजंट खराब आहे का?' रिएजंट उत्तम होता. नळाच्या पाण्याची बाटली शेजारी ठेवून तिला दाखवलं, तीत साका तपकिरी बसला होता.

आता हीच बाटली खाडीवर भरतीच्या वेळी भरा. समुद्राचं ताजं पाणी वर चढलेलं असतं, साका छान तपकिरी येईल. त्याच जागी ओहोटीच्या अगदी शेवटी, पाणी थबकतं त्या अर्ध्या तासात भरा. त्या वेळी कळेल नदी कशी आहे ते. दोन्ही नमुने खरे, दोन्ही आकडे खरे, आणि अहवालात भरतीचा प्रहर लिहिलेला नसेल तर दोन्हींचा काही उपयोग नाही. त्यातून खाऱ्या पाण्यात सीओडीची चाचणी क्लोराइडमुळे बिघडते, म्हणजे तिथे नुसत्या सीओडीवर विसंबून चालत नाही. बीओडीला आपल्याकडच्या पद्धतीनं 27 अंशांवर तीन दिवस लागतात. तीन दिवसांनी आकडा हाती येतो तोवर तिथे पाच-सहा भरत्या येऊन गेलेल्या असतात. म्हणून खाडीवर एका माणसानं एका सकाळी जाऊन भरलेल्या एका बाटलीला मी तपासणी म्हणायला तयार नाही.

कारखान्याच्या फाटकावरची तपासणी कशी चालायची, तेही सांगायला हवं. मी होते त्या कारखान्यात 'उद्या साहेब येणार' हा निरोप बऱ्याचदा आदल्या संध्याकाळीच यायचा. निरोप आला की टाकीवरचे बंद असलेले वायुवीजक (पाण्यात हवा घालणारी यंत्रं) रात्रभर सुरू राहायचे, चुन्याची पोती फुटायची, आणि सकाळच्या नमुन्यात आकडे नियमात बसायचे. मी वरिष्ठांकडे हे लेखी मांडलं होतं. उत्तर आलं नाही. कारखान्यांतला प्रत्येक माणूस अप्रामाणिक असतो असं माझं म्हणणं नाही. चोख काम करणारे प्लांट ऑपरेटर मी पाहिले आहेत, रात्रपाळीत सडक्या वासात उभं राहून टाकी सांभाळणारे. पण ठरलेल्या वेळी येणारी देखरेख त्यांच्या चोखपणाला काही किंमत देत नाही.

यावर उपाय म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं फेब्रुवारी 2014 मध्ये जास्त प्रदूषण करणाऱ्या 17 प्रकारच्या उद्योगांना चोवीस तास मोजणारी ऑनलाइन यंत्रं बसवायला सांगितली. पुढे 22 फेब्रुवारी 2017 ला सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरण सुरक्षा समितीच्या याचिकेवर निकाल दिला. ही समिती आमच्या बडोद्यातली, याचा मला अभिमान आहे. निकाल असा होता की प्रक्रिया यंत्रणा चालू नसेल तर उद्योग चालू ठेवता येणार नाही, आणि ही क्षणोक्षणीची मोजमापं राज्य मंडळांच्या संकेतस्थळावर लोकांना दिसली पाहिजेत. लोकांना. हा शब्द महत्त्वाचा आहे. सरोदचा मच्छीमार, पादऱ्याचा शेतकरी, ज्याच्या विहिरीला रंगीत पाणी लागल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांत येतात, तो म्हणजे लोक. त्याला बीओडी म्हणजे काय हे गुजरातीत दोन ओळींत सांगून आजचा आकडा आणि मर्यादा शेजारी-शेजारी दाखवणारा एक फलक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला, तर माझ्या मते तो निकाल खऱ्या अर्थानं पाळला जाईल. संगणकावर कोपऱ्यात कुठेतरी इंग्रजी तक्त्यात आकडा असणं म्हणजे लोकांना दिसणं नव्हे.

या पट्ट्यात पगडिया मच्छीमार आहेत. ओहोटी लागली की पायी चिखलात उतरायचं, खुंट्यांना जाळी बांधायची, पुढच्या ओहोटीला जाऊन जाळ्यातलं काढायचं. लेवटा नावाचा चिखलात उड्या मारणारा मासा ही त्यांची रोजची भाकरी. होडी नाही, म्हणून होडीच्या नोंदणीचा कागद नाही, आणि कागद नाही म्हणून नुकसानभरपाईची गोष्ट निघते तेव्हा त्यांचा नंबर लागायला कठीण जातं. बंदरावरच्या मच्छीमारांची निदान सोसायटी तरी असते. पायाखालच्या चिखलाचं काय झालं हे या लोकांना प्रयोगशाळेच्या आधी कळतं, पण त्यांची साक्ष कुठल्याही अहवालात येत नाही.

मी निवृत्तीनंतर हौसेनं, हो, हौसेनंच, खाडीच्या तपासणीचे अहवाल मागायला एका सरकारी कार्यालयात गेले. टेबलावरच्या गृहस्थांनी आदरानं बसवलं, पाणी दिलं, अर्ज वाचला आणि म्हणाले, 'बेन, आ अमारामां ना आवे.' म्हणजे हे आमच्यात येत नाही. फाटकापर्यंत आमचं, खाडी दुसऱ्यांची. दुसऱ्यांकडे गेले, तर ते म्हणाले किनारपट्टीचं बांधकाम आमचं, पाण्याची गुणवत्ता पहिल्यांची. तिसरीकडे उत्तर मिळालं की मासे आमचे, पाणी नाही. कोणी उद्धटपणे बोललं नाही. सगळे आपापल्या परीनं खरंच सांगत होते. 1974 चा जल कायदा, 1986 चा पर्यावरण कायदा, किनारा नियमन, मत्स्यव्यवसाय, बंदरं, पाटबंधारे, वनखातं, महापालिका... प्रत्येकाकडे नदीचा एकेक तुकडा आहे. नदी खाऱ्या पाण्याला भिडते तो तुकडा मात्र सगळ्यांच्या हद्दीच्या रेषेवर पडला आहे.

विश्वामित्रीचंही तेच. ही पावागडहून निघून आमच्या शहराच्या मधोमध वाहते, पुढे ढाढरला मिळते आणि ढाढर खंभातच्या आखातात जाते. ऑगस्ट 2024 मध्ये काळ्या घोड्याच्या पुलापाशी तिचं पाणी 35 फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी 26 फूट असताना. लोकांच्या अंगणात मगरी आल्या. तेव्हा लष्कर आलं, मंत्री आले, समिती आली, 2025 च्या उन्हाळ्यात पात्र खोल-रुंद करायचं कामही झालं. ते व्हायलाच हवं होतं. आजव्याच्या जलाशयाची पातळी किती, हे आता आमच्याकडे शाळकरी मूलही सांगतं. पण याच विश्वामित्रीचा पट्टा केंद्रीय मंडळाच्या 2018 च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत होता. देशात असे 351 पट्टे निघाले होते. मे 2021 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं या नदीचं पात्र आणि पूरक्षेत्र जपायचा आदेश दिला. त्या यादीची, त्या आदेशाची चर्चा पुराच्या चर्चेच्या शतांशही झालेली मी ऐकली नाही. पाणी आपल्या घरात येतं तेव्हा सगळी खाती एका मेजाभोवती बसतात. आपल्या घरातून जे पाणी ढाढरमार्गे आखाताकडे जातं, त्यासाठी कोणी बसत नाही.

माझी मागणी मोठी नाही, आणि तिला नवा कायदाही लागत नाही. महीच्या मुखासाठी, सिंधरोटच्या बंधाऱ्यापासून कावी-कंबोईपर्यंत, एक अधिकारी नावानिशी जबाबदार धरा. सगळ्या खात्यांचे अहवाल त्याच्याकडे यावेत आणि 'आमच्यात येत नाही' असं त्याला म्हणता येऊ नये. खाडीतला प्रत्येक नमुना भरतीच्या कोणत्या प्रहरी घेतला, तिथी कोणती होती, उधाण होतं की भांग, हे अहवालात लिहिणं सक्तीचं करा. नमुना घेताना गावातली दोन माणसं आणि एक पगडिया मच्छीमार बरोबर असावा, त्यानं सांगितलेल्या जागीही एक बाटली भरली जावी, आणि सीलबंद जोड नमुना गावाकडे राहावा. ज्या मुखांतून पाणी परत फिरतं तिथे समुद्राचं 100 चं मानक लावायचं की नदीचं 30 चं, याचा निर्णय कोरड्या दिवसांतल्या मोजणीवरून व्हावा. क्षारतेसाठी जी कसोटी लावता, तीच इथे लावा. हे महीला लागू पडतं तसं दाभोळला, सावित्रीलाही पडतं. आपल्या कोकणातल्या वाचकांनी आपल्या जिल्ह्यात ही एकच गोष्ट विचारून पाहावी: मागच्या अहवालातला नमुना भरतीला घेतला होता की ओहोटीला? अहवालात ते लिहिलेलं नसेल, तर पुढच्या वेळी लिहून घ्यावं.

येत्या मे महिन्यातल्या अष्टमीला, भांगाच्या दिवशी, ओहोटीच्या शेवटी सरोदजवळ अशी एक संयुक्त तपासणी व्हावी, असा अर्ज मी या पत्राबरोबरच संबंधित कार्यालयांना पाठवत आहे. बाटल्या, बर्फाची पेटी आणि रसायनं माझ्याकडे तयार आहेत. गुडघ्यांमुळे चिखलात उतरता येणार नाही, पण काठावर बसून साका पाहणं आणि टायट्रेशन करणं अजून जमतं. बडोद्यातल्या आणि जंबुसरकडच्या ज्या वाचकांना बरोबर यायचं असेल, त्यांनी संपादकांमार्फत कळवावं.

आपली,
एक सेवानिवृत्त केमिस्ट
दांडिया बाजार, बडोदे